दुपट्ट्याखालचा हात

आमच्या गावच्या हेडमास्तरांचं आणि माझं अजून बोलणं नाही. रस्त्यात समोर आले की ते छत्री या हातातून त्या हातात घेतात आणि मी खाकरतो. तेवढाच व्यवहार. लोक म्हणतात, जाऊ द्या, जुनी गोष्ट झाली. पण गोष्ट जुनी झाली म्हणून ती विसरावी, असं कुठं आहे? चार वर्षांपूर्वीचा लाथ मारणारा बैल मी आजही शिंगावरून ओळखतो.

आम्ही तांड्यातले. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्यांतला एकही बैल माझ्या वाट्याला आला नाही. दुसऱ्यांची गुरं बाजाराला हाकत नेता नेता मी दात बघायला शिकलो, खूर बघायला शिकलो, आणि पंचविशीच्या आत हेडी झालो. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. उमरखेडपासून दिग्रसपर्यंतच्या बाजारांत मला ओळखत नाही असा माणूस नव्हता. चांगलं म्हणणारे कमी होते, ती गोष्ट वेगळी. माझा राग नाकावर असे आणि तोंड फाटकं होतं. पण बैलाची चाल बघून त्याची खोड सांगावी ती मीच.

आणि माझ्याच पोरीची चाल बिघडलेली होती.

आमचा जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला त्या साली मी तिला शाळेत घातली. तोवर तांड्यातली एकही मुलगी शाळेत गेली नव्हती. मला सहीपुरतं येत होतं. हिनं तरी माझ्यासारखं दुसऱ्याकडून चिठ्ठी वाचून घेऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. पोरगी हुशार. बाजारातून आणलेल्या जोडीचे रंग, शिंगं, कुणाकडून घेतली, कुणाला दिली, सगळं तिला पाठ. पण हात-पाय तिचे नव्हतेच जणू. मोकळ्या अंगणात चालतानाही ठेचकाळायची. पाण्याचा तांब्या चुलीपासून खाटेपर्यंत कधी भरलेला आला नाही. ती सात वर्षांची झाली तरी परकराची नाडी आईनं बांधायची. पोरी लंगडी खेळायला लागल्या की ही दगडावर बसून गुण मोजायची, कारण एका पायावर दोन उड्या झाल्या की तिसरीला ती जमिनीवर.

पाटीवर तर विचारू नका. 'क' काढायला घेतला की पेन्सिल पाटीच्या लाकडावर जाऊन थांबायची. गुरुजी विचारत तेव्हा तोंडी सगळं बरोबर. लिहिलेलं मात्र एक अक्षर कुणाला लागत नसे. तिसरीत शाई आणि टाक आला. मग वही, बोटं, परकर, शेजारणीची वेणी, सगळं निळं.

देवऋषी झाले, वैद्य झाले. कुणी मोराचं पीस फिरवलं, कुणी तेल दिलं. शेवटी मी तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी पोरीला रेघेवर चालवलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, एक बटण लावायला दिलं. मग मला म्हणाल्या, "अंग लुळं नाही आणि डोकं चांगलं आहे. हात-पाय हिचं ऐकतात, पण उशिरा आणि अर्धवट ऐकतात. याला औषध नाही. चालवा, उड्या मारायला लावा, चेंडू झेलायला लावा, बोटांना काम द्या. रोज थोडं थोडं. आणि ओरडायचं नाही."

घासाघीस करणाऱ्याला समोरच्याचं अर्धंच ऐकायची सवय असते. आपल्या सोयीचं तेवढं उचलायचं, बाकीचं कानामागे टाकायचं. मी चालवायचं ऐकलं, उड्यांचं ऐकलं, चेंडूचं ऐकलं. शेवटचं वाक्य मी दवाखान्यातच ठेवून आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू झालो. नवा गोऱ्हा कामाला लावायची एक रीत असते. आधी मोकळ्या वावरात ओंडका ओढायला लावतात, मग शहाण्या बैलाशेजारी जुंपतात, आणि तासात, म्हणजे नांगराच्या सरळ रेघेत, चालायला शिकवतात. मला दुसरं शिकवणं ठाऊकच नव्हतं. मी पोरीला वावरात नेऊन नांगराच्या तासातून चालायला लावलं. गाडीचं जू काढून जमिनीवर आडवं ठेवलं आणि त्यावरून एकापुढं एक पाऊल टाकायला सांगितलं. चिंध्यांचा चेंडू करून दहा पावलांवरून फेकला.

"झेल! अवं, हात पुढं कर! डोये कुठं हायेत तुये?"

चेंडू तिच्या छातीवर आपटून खाली पडायचा. मी पुन्हा फेकायचो, जरा जोरात. पुन्हा पडायचा. मग मी असा ओरडायचो की तांड्यातली कुत्री उठून बसायची. तिची आई दारात कवड्या टाचत बसलेली असे. आमच्या बायकांच्या कपड्यांवर कवड्या आणि आरसे टाचतात, ते काम तिच्या हातचं बघण्यासारखं होतं. पोरीच्या बोटांना काम म्हणून तिनं दोऱ्यात कवड्या ओवायला दिल्या होत्या, आणि ते ती माझ्यामागं, मी बाजाराला गेल्यावर करवून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "तुमी घरी नसले का चार कवड्या ओवते. तुमी आले का दोरासुदा सापडत नाई तिले."

"म्हंजे माया दोष?"

"म्या काई म्हटलं काय?" असं म्हणून ती पुन्हा खाली मान घालून टाचायला लागली. घरात आम्ही गोरबोली, आमची बंजारा भाषा, बोलायचो. इथं मराठीत लिहितो एवढंच. पण टोमणा कुठल्याही बोलीत तसाच लागतो.

वर्षभर हे चाललं. पोरगी चौथीत गेली ती वरच्या वर्गात ढकलल्यासारखी. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "चौथीची परीक्षा लेखी असते. उत्तर तोंडात असून भागत नाही, कागदावर दिसलं पाहिजे. सहामाहीत हिचा कागद वाचता आला नाही, तर नाव कमी करीन. उगाच बाक अडवून काय उपयोग?"

"गुरुजी, थोडा वेळ द्या. सहामाहीऐवजी सालअखेर पाहा."

"हा बैलबाजार नाही," ते म्हणाले.

एवढं एकच वाक्य. ते मी जपून ठेवलं.

त्याच पावसाळ्यात उमरखेडचा एक व्यापारी माझ्याकडं आला. मुसलमान, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. बैलांतलं मी जे शिकलो त्यातलं निम्मं त्याच्याकडून. पोरगी त्याला चाचा म्हणायची. गोठ्यातल्या एका जोडीवर त्याचा डोळा होता. आम्ही ओट्यावर बसलो आणि नेहमीप्रमाणे माझ्या दुपट्ट्याखाली हात घातले. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. चार माणसं ऐकतात. दुपट्टा हातांवर टाकायचा आणि खाली बोटांनी बोलायचं. जितकी बोटं धरली तितका आकडा, बोटाचं पेर दाबलं की अर्धा. वर दोघंही हवापाण्याच्या गोष्टी करत असतात.

पोरगी समोर येऊन बसली. "चाचा, खाली काय करून राह्यले?"

"तेरे बाप की चोरी पकड रहा हूँ," तो हसून म्हणाला. "ये, तू बी पकड. घाल हात."

मी म्हणालो, "तिच्या हाताचं काई सांगू नका. तिले जमणार नाई."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझा हात बाहेर काढला, तिचा आत घेतला. आकडे समजावले आणि वर तोंडानं तिच्या मैत्रिणींची चौकशी सुरू केली. जरा वेळानं विचारलं, "आता किती धरले?"

"तीन."

"अन् आता?"

"साडेचार. तुमी पेर दाबलं."

"आता तू सांग मले सात."

दुपट्टा हलला. चाचानं मान डोलावली. "पहिले पाच, मंग दोन. एक बोट बी इकडचं तिकडं नाई. अन् तू म्हणतो जमत नाई?"

मला खरं वाटेना. मी हात घातला. तिनं मला आठ सांगितले, मग अडीच, मग नऊ. ज्या बोटांना नाडी बांधता येत नव्हती ती माझ्या पंजावर कोळ्यासारखी नेमकी चालत होती. मी आनंदानं दुपट्टा ओढून फेकला आणि ओरडलो, "आता असंच कर! असंच, उघड्यावर!"

बोटं तिथंच आखडली. अंगठा एकीकडं, करंगळी दुसरीकडं. तिनं हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात पाठीमागं घेतला.

"कर ना! आत्ता तर केलं! मुद्दाम करते काय?"

चाचानं दुपट्टा उचलून झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. "बैलाचा सौदा तू झाकून करतो," तो म्हणाला, "अन् पोरीचा चव्हाट्यावर मांडून बसला. सारा तांडा पाहून राह्यला, त्याच्यात तुये हे डोये. माया बी हात कापंल ना बे."

त्या दिवशी मी त्याला जोडी दिली नाही. रागानंच नाही दिली. रात्रभर मात्र डॉक्टरीणबाईंचं ते सोडून आलेलं वाक्य कानात वाजत राहिलं.

मग मी रीत बदलली. बदलली म्हणतो, पण जीव किती जळायचा ते मलाच माहीत. शाळेला सुटी असेल त्या दिवशी मी तिला बाजाराच्या वाटेवर सोबत घ्यायचो. दुपट्ट्याचं एक टोक माझ्या हातावर, एक तिच्या. मी दोन बोटं दाबली की तिनं दोन लांब पावलं टाकायची. एक दाबलं की एका पायावर उभं राहायचं. पेर दाबलं की उडी. मी पुढं बघायचो, तिच्या पायांकडं नाही. ती पडली तर दुपट्ट्याला ओढ बसायची, मी थांबायचो. तोंडावर आलेलं गिळायचो. तीन-चार वेळा गिळता आलं नाही, आणि त्या त्या दिवशी परत येईपर्यंत ती रडत मागं चालली. पण दसऱ्याच्या सुमाराला ती नाल्यावरच्या दगडांवरून माझ्याआधी पलीकडं पोचायला लागली.

लिहिण्याचंही तसंच. पाटी मांडीवर, हातावर दुपट्टा, आणि मी तिच्याकडं पाठ करून बसायचो. ती आतल्या आत अक्षर काढायची आणि झालं की दुपट्टा काढून दाखवायची. मला अक्षरं कळत नव्हती म्हणून तीच मला सांगायची, हा 'म' आहे, हा 'भ'. अशी मी अक्षरं तिच्या पाटीवरून शिकलो. आज हे लिहितो आहे ते त्याच शिदोरीवर. झाकलेला हात नीट का चालतो आणि उघडा का बिघडतो, याचं कारण मला अजून पुरतं समजलेलं नाही. पण अक्षर लागायला लागलं. वाकडं, लहानमोठं, तरी लागायला लागलं. ओळ रेघेवरून घसरे, पण लाकडावर चढत नसे.

सहामाहीला मी तिला माझा दुपट्टा दिला.

वर्गात काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. पहिला प्रश्न झाला, दुसरा अर्धा झाला. हेडमास्तर फिरत फिरत मागून आले. झाकलेला हात दिसला. "खाली काय लपवलंस?" म्हणाले आणि दुपट्टा ओढला. दौत उलटली. खाली काहीच नव्हतं, नुसता तिचा हात होता. पण सगळा वर्ग वळून त्या हाताकडं बघत होता. पुढं तिला रेघसुद्धा ओढता आली नाही.

हे ऐकून मी शाळेत गेलो. माझ्या हातात बैल हाकायची काठी होती. ती मी उगारली नाही, हे देवाशपथ सांगतो. पण खालीही ठेवली नाही. पोरांसमोर, दोन मास्तरांसमोर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हेडमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला आधी कुणी सांगितलं होतं? कपड्याखाली काय आहे, हे मी ओळखायचं कसं? आता मुलीला घेऊन जा. नाव कमी केलं आहे."

सांगितलं नव्हतं, हे खरं. तो दोष माझा. बाजारात आपली युक्ती आधी कोण सांगतो? पण ओढायच्या आधी विचारायचं तरी त्यांनी! एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

आठ दिवस पोरगी घरी होती. मी रोज नवी योजना करायचो. सरपंचाकडून दबाव आणीन, यवतमाळला अर्ज करीन, दुसऱ्या गावच्या शाळेत घालीन. ती ऐकून घ्यायची. नवव्या दिवशी सकाळी ती आणि तिची याडी, म्हणजे आई, मला न सांगता शाळेत गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा पोरीच्या खांद्यावर दप्तर होतं.

"काय झालं?"

"घेतलं मले," पोरगी म्हणाली. "कपडा बी ठेवू देतीन. लिहायच्या आधी झटकून दाखवायचा, मंग हातावर टाकायचा."

"अन् त्यायनं काय मागितलं?"

ती आईकडं बघायला लागली. आई कवड्यांचं सूप जवळ ओढत म्हणाली, "त्यायनं काई नाई मागितलं. तुमच्या पोरीनंच देल्लं."

"काय देल्लं?"

"म्या म्हटलं," पोरगी म्हणाली, "बा पुन्हा शाळेत येणार नाई. साल संपेतक फाटकाच्या आत पाय ठेवणार नाई. मंग गुरुजी लगेच हो म्हणले."

मी कपाळावर हात मारला. मला न विचारता मला देऊन टाकलं होतं! आणि तेही पहिल्याच बोलीत! "अवं, आधी महिन्याचं बोलायचं होतं," मी ओरडलो. "मंग दिवाळी-संक्रांत करत वाढवायचं होतं! इतकं एका दमात कोनी देते काय?"

"तुमी घासत बसले असते," ती म्हणाली, "अन् मले घरीच बसा लागलं असतं."

आई सुपावर वाकून हसत होती. मी दोन दिवस दोघींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी पाटी आणि दुपट्टा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली, आणि मी मुकाट्यानं तिच्याकडं पाठ केली.

वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात झाली. मी शाळेच्या फाटकाबाहेर बाभळीखाली सकाळपासून बसलो होतो. वायदा फाटकाच्या आतला होता, बाहेरचा नव्हता. एवढं तरी मी वसूल करणारच. खांदा मोकळा होता. बाजाराचा एक ओळखीचा माणूस सायकलवरून चालला होता, थांबून म्हणाला, "शेट, दुपट्टा कुठं गेला?"

"परीक्षेले बसला," मी म्हणालो. तो वेड्यासारखा बघत निघून गेला.

मधेच हेडमास्तर व्हरांड्यात आले. त्यांनी मला पाहिलं. मी पाय फाटकापासून एक वीत दूर घेतला आणि तोही त्यांना दिसेल असा घेतला. ते आत गेले. पाणी प्या म्हणाले नाहीत, की पोरगी लिहिते आहे म्हणून सांगितलं नाही. दुपट्टा ओढला त्याबद्दल चुकलं, हा एक शब्द त्या माणसानं तेव्हाही दिला नाही, निकालाच्या दिवशीही नाही. पोरगी पास झाल्यावर गावात सांगत सुटले की शिस्त लावली म्हणून पोरगी सुधारली. त्यासाठीच माझं खाकरणं अजून चालू आहे.

पण निकाल मला त्या दुपारीच कळला होता. घंटा झाली. पोरं धावत बाहेर आली, ही सगळ्यांच्या मागून, सावकाश. दुपट्टा शाईनं पार भरला होता. कपाळावर निळं, कानावर निळं. मी उठून विचारणार, किती लिहिलं, लागेल का, काही सोडलं का. तोंड उघडलंही होतं. तिनं भर रस्त्यात माझा हात धरला, त्यावर दुपट्टा टाकला आणि इकडं तिकडं बघत, जशी काही ऊन किती झालं याचीच तिला काळजी, खाली बोटं धरली.

पाच.

सहा प्रश्न असतात हे मला माहीत होतं. सवय जाते कुठं? मी तिचं एक बोट धरून दाबलं. आणखी एक?

तिनं पाचही बोटं पुन्हा घट्ट दाबली, हात बाहेर काढून घेतला आणि दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला.

"बा," ती म्हणाली, "सौदा झाला. चला घरी."